वाचकांचे प्रश्न: रीफर कंटेनर, द्राक्षं, कोळंबी आणि न्यू जर्सीची पुरणपोळी

मागच्या अंकात द्राक्षांच्या रीफर कंटेनरवर, म्हणजे बोटीने माल थंड ठेवून नेणाऱ्या डब्यावर, दोन पानं लिहिली होती, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की संपादक म्हणाले यावेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाका. नावं कोणाचीच टाकलेली नाहीत, नुसती गावं टाकलीयेत, कारण निम्म्याहून जास्त लोकांची एक्स्पोर्टरशी नाहीतर शिपिंग लाइनशी काही ना काही भानगड चालू आहे आणि ती इथे सुटणार नाही. प्रश्न लांबलचक होते, जरा कापलेत, राग मानू नका.

निफाडहून एक बागायतदार: यंदा आमचा थॉमसन द्राक्षांचा माल रॉटरडॅमला गेला. तिकडून फोटो आले ते बघून झोप उडाली, देठ तपकिरी, मणी मऊ, काही पनेटमधे (प्लास्टिकच्या छोट्या डब्यांत) बुरशी. एक्स्पोर्टर म्हणतो कंटेनर पूर्ण प्रवासात शून्यावर होता, हा घ्या रिपोर्ट, म्हणजे दोष तुमच्या बागेचा. शून्यावर असूनही माल खराब होतो कसा?

उत्तर: दादा, रिपोर्ट खरा असेल हो, पण तो शून्य कशाचा आहे ते विचारलंत का? रीफर कंटेनरच्या मशीनवर जो आकडा दिसतो आणि ताज्या मालाला जो आकडा धरून मशीन चालतं तो आत सोडलेल्या हवेचा असतो, म्हणजे सप्लाय एअरचा. हवा शून्यावर आत गेली एवढंच तो सांगतो. तुमचा मणी आतून किती अंशावर होता ते त्यात कुठेच येत नाही.

आणि खरी गोम इथेच आहे. लोकांना वाटतं कंटेनर म्हणजे मोठ्ठा फ्रीज, आत ठेवलं की गार होणार. रीफर हा माल गार करायला बनवलेलाच नाहीये, गार असलेला माल गार ठेवायला बनवलाय. त्याच्या मशीनला भिंतीतून आत येणारी उष्णता आणि फळ श्वास घेतं त्याची थोडी उष्णता बाहेर काढायची असते, बास. मार्चमधे निफाडला दुपारी तोडलेला घड आतून तीस अंशाच्या आसपास असतो, तो पॅक करून बारा-तेरा टन एका कंटेनरमधे गच्च भरला, वर प्रत्येक पेटीत प्लास्टिकचं लायनर, तर मधल्या पेट्यांपर्यंत थंडी पोचायला कित्येक दिवस लागतात, आणि तेवढे दिवस तो देठ सुकत राहतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

म्हणून प्रीकूलिंग. तोडणी सकाळी सकाळी, ऊन चढायच्या आत, मग माल पॅकहाऊसला आला की पॅक करून लगेच प्रीकूलिंग चेंबरमधे, तिथे मोठे पंखे पेट्यांच्या भोकांमधून थंड हवा ओढून घेतात आणि सहा-आठ तासांत मणी आतून चार अंशाच्या खाली आणायचा असतो, मग शून्याच्या कोल्ड स्टोरेजला, मग कंटेनर. सीझनच्या गर्दीत काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, चेंबर भरलेला, बाहेर गाड्यांची रांग, बंदरात बोटीचा कट-ऑफ, म्हणजे माल घ्यायची शेवटची वेळ, उद्या संध्याकाळची, मग चार तासांत माल बाहेर काढतात आणि म्हणतात जाईल, कंटेनरमधे होईल गार.

आता बुरशीचं. पेटीत वर जो ग्रेप गार्डचा कागद असतो त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं, ते ओलावा लागला की सल्फर डायऑक्साइड सोडतं आणि बुरशी दाबून धरतं. ग्रे मोल्ड म्हणजे बोट्रायटिस, ही बुरशी शून्य अंशालाही हळूहळू वाढते, म्हणून नुसती थंडी पुरत नाही, हा गॅस लागतोच. पण माल गरम असताना पॅड टाकून बंद केला की आत घाम धरतो, पेटीत पाणी सुटतं, आणि तीन-चार आठवडे पुरवायचा गॅस पहिल्या काही दिवसांत भसकन निघून जातो. मग दोन गोष्टी होतात, देठाजवळ मणी पांढरट पडतात आणि शेवटच्या आठवड्यात बुरशीला रान मोकळं मिळतं. तुमच्या फोटोत देठाकडे असे फिकट डाग आहेत का बघा जरा.

भांडायचंच असेल तर पुराव्याने भांडा. कंटेनरचा स्वतःचा डेटा डाउनलोड मागा, त्यात सप्लाय आणि रिटर्न अशा दोन्ही हवांच्या रेघा असतात, आणि पेट्यांमधे ठेवलेल्या, तापमान नोंदवणाऱ्या लॉगरचा ग्राफ वेगळा मागा. पहिले दोन-तीन दिवस नीट बघा. परत येणारी हवा सुरुवातीलाच सहा-सात अंशांनी गरम आहे आणि ती रेघ दिवसेंदिवस हळूहळू खाली येतेय, तर माल गरम भरला होता, ते पॅकहाऊसचं पाप. दोन्ही रेघा आधी व्यवस्थित जवळ जवळ होत्या आणि मधेच कुठेतरी एकदम वर उडाल्या, तर वाटेत वीज गेली नाहीतर मशीन बंद पडलं, ते शिपिंग लाइनचं किंवा बंदराचं. आणि दोन्ही रेघा शेवटपर्यंत सरळ असतील आणि तरी माल मऊ निघाला, तर मग बागेकडे बघायचं, साखर भरायच्या आधी तोड झाली का, तोडणीआधी पाऊस झाला होता का वगैरे. त्या क्रमाने बघा, एक्स्पोर्टर नेमका उलट्या क्रमाने बघतोय.

ओझरहून एक जण, पॅकहाऊसमधे सुपरवायझर: लोडिंगच्या आधी रिकामा कंटेनर चालू करून शून्यावर आणून ठेवावा की नाही? आमच्याकडे दोन साहेब दोन गोष्टी सांगतात.

उत्तर: तुमच्या डॉकला कंटेनरच्या दाराभोवती घट्ट बसणारी सील आहे का आणि मागची खोली थंड आहे का, यावर आहे सगळं. असेल तर आणा शून्यावर, चांगलंच आहे. नसेल तर मुळीच नको. थंडगार कंटेनरचं दार बाहेरच्या गरम दमट हवेत उघडलं की आत भिंतींना पाणी सुटतं, तेच पाणी मशीनच्या कॉइलवर बर्फ होऊन बसतं, आणि प्रवासाच्या पहिल्याच रात्री मशीन गार करायचं सोडून तो बर्फ वितळवत बसतं. उघड्यावर भरताना तर मशीन बंदच ठेवायचं, माल पटापट आत घालायचा, दार लावायचं आणि मग चालू करायचं.

अजून एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. हवा खालून येते, जमिनीवरच्या टी-बारच्या पन्हाळ्यांतून दारापर्यंत जाते, तिथून पेट्यांच्या भोकांतून वर चढते आणि छताखालून मशीनकडे परत. म्हणजे आतल्या भिंतीवरच्या लाल रेघेच्या वर माल गेला की परतीचा रस्ता बंद. आणि दाराजवळ दोन-तीन फूट जमीन उघडी राहिली की हवा आळशी आहे, ती मालातून जातच नाही, तिथूनच वर निघून परत जाते, मग दारापासच्या पॅलेटची वाट लागते. उघड्या जमिनीवर जाड पुठ्ठा टाकून झाकायचं. पुठ्ठ्याला खर्च किती? पण हे करताना कोणी दिसत नाही.

करमाळ्याहून: आमची केळी आखातात जातात. कंटेनर साडेतेरा अंशावर लावतात. अजून गार केलं तर जास्त टिकणार नाहीत का?

उत्तर: नाही, उलटं होईल. केळ हे गरम मुलखातलं फळ, तेरा अंशाच्या खाली गेलं की सालीच्या आतल्या बाजूला तपकिरी रेषा येतात, बाहेरून हिरवं ठणठणीत दिसतं, पण तिकडे रायपनिंग चेंबरला घातलं की पिवळं होण्याऐवजी राखाडी, मळकट होतं. दुबईतल्या दुकानदाराला ते केळ कोणी फुकट दिलं तरी नको असतं. आणि केळ्याला व्हेंट (बाहेरची हवा आत घ्यायचं झाकण) उघडा लागतो, कारण ते श्वास भरपूर घेतं, कार्बन डायऑक्साइड साचतो, एखादं जरी आत पिकायला लागलं तरी त्याचा इथिलीन बाकीच्यांना पिकवतो. बाहेरची ताजी हवा तासाला किती घनमीटर घ्यायची ते बुकिंगमधे लिहावं लागतं, तो रकाना मोकळा सोडू नका. काही देशांत केळी गरमच भरून कंटेनरमधे गार करतात हे खरंय, वर मी जे रडलो त्याला हा अपवाद, पण त्यांच्या पेट्या, भरायची पद्धत, सगळं त्यासाठी बेतलेलं असतं, ते बघून आपण तसं करायला जाऊ नये.

पुण्याहून, सदाशिव पेठेतल्या एक काकू: मुलगा आणि सून न्यू जर्सीला असतात. कुरिअरने फराळ पाठवते, पण पुरणपोळ्या, उकडीचे मोदक आणि हापूस पाठवायची फार इच्छा आहे. बोटीच्या फ्रीजमधून थोडंसं पाठवता येतं का? किती खर्च येईल?

उत्तर: काकू, तुमचं पत्र ऑफिसमधे सगळ्यांनी वाचलं आणि सगळ्यांना भूक लागली. पण थोडंसं पाठवता येत नाही हो. रीफर कंटेनर म्हणजे बहुतेक वेळा चाळीस फुटी अख्खा डबा एकाच मालाने भरून जातो, त्यात आपलं एक पार्सल ठेवा असं कोणी ऐकून घेत नाही, शिवाय धंद्याचा माल म्हणून सरकारच्या परकीय व्यापार खात्याचा, डीजीएफटीचा, आयात-निर्यातीचा आयईसी नंबर लागतो, बनवणाऱ्या जागेची अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याकडे, एफडीएकडे, नोंदणी लागते, आणि बोट तिकडे पोचायच्या किमान आठ तास आधी एफडीएला प्रायर नोटीस द्यावी लागते, अमुक माल येतोय म्हणून. हे सगळं वीस पोळ्यांसाठी कोण करणार.

पण पोळी जाते बरं का, तुमची नाही, कारखान्याची. फ्रोजन पुरणपोळी, मोदक, अळूवडी, हे मायनस १८ ला बोटीने जातं आणि न्यू जर्सीतल्या एडिसनच्या इंडियन दुकानांतल्या फ्रीजरमधे मिळतं. सुनेला विचारा, तिला कुठल्या दुकानात कुठली चांगली मिळते ते नक्की माहीत असणार, फक्त ती तुम्हाला सांगत नसेल. युरोपात हेच जरा अवघड आहे, तिथे २१ एप्रिल २०२१ पासून दूध-तुपाचे अंश असलेल्या तयार पदार्थांचे नियम बदलले, त्यामुळे तूप लावलेली पोळी म्हटलं की कागदपत्रं वाढतात.

हापूसचं म्हणाल तर तो अमेरिकेत जातो ते २००७ पासून, पण विकिरण करूनच, म्हणजे कीड जाऊ नये म्हणून किरणांखालून काढूनच, लासलगावला नाहीतर वाशीला, आणि बहुतेक करून विमानाने. बोटीने हापूस न्यायचा म्हणजे बारा-तेरा अंशावर तीन-चार आठवडे कच्चा ठेवायचा आणि नंतर तो नीट पिकावा अशी देवाकडे प्रार्थना करायची, जास्त गार केला तर साल काळवंडते आणि आतून पिकतच नाही. केशर त्या मानाने सोशीक. बॅगेत लपवून तर अजिबात नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात, वर दंड. चकल्या-लाडू पाठवताय ते उत्तम आहे, त्यांना थंडी लागत नाही.

रत्नागिरीहून, फ्रोजन कोळंबी आणि माकूल पाठवणाऱ्या कंपनीतला एक तरुण: बायरने तक्रार केलीय की पिशव्यांत बर्फाचा चुरा साचलाय, माल वितळून परत गोठलाय, क्लेम द्या. आमच्या रिपोर्टमधे मायनस १८ आहे, पण मधे मधे छोटे छोटे टोक वर गेलेत. ते काय?

उत्तर: ती टोकं बहुतेक डीफ्रॉस्टची आहेत, घाबरू नका. मशीन ठरावीक वेळाने स्वतःच्या कॉइलवरचा बर्फ वितळवतं, तेवढी मिनिटं हवा जरा गरम दिसते, मालाला ते कळतही नाही. अशी टोकं सारख्या अंतरावर असतील तर डीफ्रॉस्टच. एखादं टोक रुंद असेल, काही तासांचं, तर मात्र विचारायला पाहिजे तेव्हा कंटेनर कुठे होता, बोटीवर चढवताना प्लग काढून ठेवला होता का.

पिशवीतला चुरा हा वितळल्याचाच पुरावा आहे असं नाही. तापमान मायनस १८ वरून मायनस १२ आणि परत मायनस १८ असं हेलकावे खात राहिलं तरी मालातलं पाणी वाफ होऊन पिशवीच्या आतल्या बाजूला बर्फ धरतं. खरोखर वितळलं असेल तर ब्लॉकचा आकार बिघडतो, कडा गोल होतात, मालावरचा बर्फाचा पातळ थर, ग्लेझ, खाली वाहून तळाला थर धरतो, पुठ्ठ्याच्या पेटीला पाण्याचे डाग पडतात आणि पेटी बसते. बायरकडून तळातल्या पेटीचे फोटो मागवा, वरच्या नको.

आता तुमच्याकडचं बघा. लोडिंगच्या वेळी ड्रिल मारून प्रोब आत घालून पेटीच्या गाभ्याचं तापमान घेतलं होतं का, आणि ते कोणी लिहून ठेवलंय का? ब्लास्ट फ्रीझरमधे मायनस ३५-४० ची हवा असली तरी ब्लॉकचा गाभा मायनस १८ ला यायला वेळ लागतो, आणि मायनस १० ला बाहेर काढलेला माल कंटेनरमधे चढवला तर तो सगळा प्रवास हळूहळू खाली येत राहतो, वर द्राक्षांचं सांगितलं तेच. फ्रोजनमधे एक सोय आहे, हवा मालातून जायची गरज नाही, मालाच्या भोवतून फिरली की झालं, म्हणून ठोकळ्यासारखा सलग रचता येतो. व्हेंट मात्र पूर्ण बंद, आणि पाणी जायची भोकंही बंद.

आणि बुकिंग करताना आकड्याआधी चिन्ह नीट लिहा. उणेची ती बारीकशी रेघ फॅक्समधे, ईमेलमधे, एक्सेलमधे कुठेही गळते, आणि मग मायनस १८ चा कंटेनर प्लस १८ वर लावलेला निघतो. हसू नका, या धंद्यात ही चूक जुनी आहे आणि अजून होते. अक्षरात लिहा, मायनस अठरा सेल्सिअस, आणि गेटमधून बाहेर पडायच्या आधी मशीनच्या डिस्प्लेचा फोटो काढून ठेवा. तसा हा अठराचा आकडा कुठून आला तर अमेरिकनांच्या शून्य फॅरेनहाइटमधून, ते आपल्या मोजमापात उणे १७.८ होतं.

वाशीहून एक छोटे निर्यातदार: एकाच कंटेनरमधे अर्धी द्राक्षं, अर्धी भेंडी-मिरची भरून दुबईला पाठवायचं चाललंय. जमेल?

उत्तर: नका करू. द्राक्षाला शून्य पाहिजे, भेंडीला सात-आठच्या खाली गेलं की काळे ठिपके येतात, मिरचीलाही तेवढंच लागतं, आणि मधला पाच अंश लावला तर दोघंही नाराज. शिवाय द्राक्षांच्या पॅडचा गॅस भेंडीचा रंग उडवतो. दुबईच्या जेबेल अली बंदराचा प्रवास मोजक्या दिवसांचा म्हणून लोक काहीबाही एकत्र खपवून नेतात, भेंडी-मिरची-कारलं असं एकमेकांच्या जवळपासच्या तापमानाचं एकत्र गेलं तर समजू शकतो. द्राक्षं वेगळी. कांदा-लसूणही कोणाच्या शेजारी बसवू नका, वास लागतो.

दिंडोरीहून: २०२४ च्या सीझनला बोटी आफ्रिकेला वळसा घालून गेल्या, आमचा माल दोन आठवडे उशिरा पोचला, भाव पडला, माल मऊ पडला. विमा होता. विमा कंपनीने क्लेम नाकारला. हा अन्याय नाही का?

उत्तर: अन्याय वाटतो हे मान्य, पण पॉलिसी वाचली तर त्यात लिहिलेलं असतं. १९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात गॅलेक्सी लीडर ही बोट ताब्यात घेतली, डिसेंबरात मोठ्या शिपिंग लाइन्सनी सुएझचा रस्ता सोडला आणि केप ऑफ गुड होपला वळसा सुरू झाला. न्हावा शेवा ते रॉटरडॅम जो प्रवास तीन-साडेतीन आठवड्यांत व्हायचा तो पाच आठवड्यांवर गेला, आणि नेमका जानेवारी ते एप्रिल आपला सीझन. २०२१ ला एव्हर गिव्हन ही बोट सुएझमधे अडकली होती तेव्हा निदान सहा दिवसांत सुटली, यावेळी तसं नव्हतं.

सागरी विम्यात बहुतेकांकडे असतो तो इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ए, ऑल रिस्क म्हणून विकतात, आणि नाव ऐकून वाटतं सगळं आलं. त्यातच स्पष्ट अपवाद आहे, उशिरामुळे झालेलं नुकसान भरून मिळणार नाही, तो उशीर विम्यात असलेल्या धोक्यामुळे झाला असला तरीही. मालाच्या अंगच्या गुणामुळे झालेलं नुकसानही नाही, आणि फळ दिवसागणिक म्हातारं होतं हा त्याचा अंगचा गुण. मशीन बंद पडून माल गेला तर गोष्ट वेगळी, त्यासाठी रीफर ब्रेकडाउनचं कलम वेगळं घ्यावं लागतं, आणि त्यातही किती तास मशीन बंद असायला हवं ते लिहिलेलं असतं, बऱ्याचदा २४ तास सलग. म्हणजे वीस तास बंद राहून माल गेला तर बसा बोंबलत.

शिपिंग लाइनवर जायचं म्हटलं तर बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल बोटीवर घेतल्याच्या पावतीच्या, मागच्या बारीक अक्षरात रस्ता बदलायची मुभा त्यांनी घेतलेली असते, त्यामुळे केपच्या वळशासाठी त्यांना धरता येत नाही. मशीनच्या दोषासाठी येतं, पण नुकसान वरून दिसत नसेल तर डिलिव्हरीपासून तीन दिवसांत लेखी कळवायचं आणि दावा एका वर्षाच्या आत, हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवा. दार उघडल्या उघडल्या दोन्ही बाजूंचा सर्व्हेअर उभा असेल तर निम्मी लढाई तिथेच. आपल्याकडे बायरचा मेसेज येतो आठवड्याने, तोवर निम्मा माल विकून झालेला, मग सर्व्हे कशाचा करणार?

प्रवास लांब होणार असं धरूनच आता माल निवडायला हवा, असं माझं मत. देठ हिरवेगार, साखर पूर्ण भरलेली, मण्याला कडकपणा असलेला माल युरोपला, जरा हळवा वाटतो तो आखातात नाहीतर देशात. सगळं रॉटरडॅमलाच गेलं पाहिजे हा हट्ट महाग पडतो.

सांगोल्याहून: भगवा डाळिंब बोटीने अमेरिकेला जातं म्हणतात, खरं का?

उत्तर: खरंय. आधी विमानाने सुरू झालं, मग शेतमालाची निर्यात बघणाऱ्या सरकारी अपेडाने २०२५ च्या सुरुवातीला बोटीने पहिला माल पाठवला, सुमारे १४ टन, तो पाच आठवड्यांच्या आत मार्चमधे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोचला आणि चांगला निघाला. डाळिंबाची साल जाड, स्वभाव शांत, ते पाच-सहा अंशाला बरेच आठवडे काढतं. त्याखाली नेलं की साल तपकिरी आणि आतल्या पडद्यांचा रंग जातो. अमेरिकेसाठी विकिरण आहेच, ते वाशीला होतं. विमानभाड्याच्या मानाने बोट कितीतरी स्वस्त, त्यामुळे यात मला द्राक्षांपेक्षाही जास्त जीव दिसतो, पण बागेतला तेल्या रोग आवरला तर.

अकरावीतला एक विद्यार्थी, ठाणे: सगळ्यात पहिल्यांदा असं कोणी पाठवलं?

उत्तर: पहिलं कोण यावर वाद आहेत, पण गाजलेली बोट म्हणजे डुनेडिन, शिडाचं जहाज, त्यावर कोळशावर चालणारं थंडीचं मशीन. १५ फेब्रुवारी १८८२ ला न्यूझीलंडच्या पोर्ट चाल्मर्सहून सुमारे पाच हजार मेंढ्यांचं मटण घेऊन निघालं आणि ९८ दिवसांनी लंडनला पोचलं, सगळ्यात एकच मेंढी फेकावी लागली म्हणतात. वाटेत उष्ण पट्ट्यात आतली हवा नीट फिरेना, तेव्हा कॅप्टन व्हिट्सन स्वतः हवेच्या बोळात सरपटत गेला, करवतीने आणखी भोकं पाडायला, आणि तिथेच गारठून बेशुद्ध पडायच्या बेतात आला, खलाशांनी पायाला दोर बांधून ओढून बाहेर काढलं. म्हणजे बघ, मशीन होतं, थंडी होती, अडलं होतं ते हवा फिरण्यापाशी, आणि ओझरच्या सुपरवायझरचा प्रश्नही तोच आहे.

उरणहून एक ट्रेलर ड्रायव्हर: नाशिकहून रीफर घेऊन येतो. कसारा घाटात नाहीतर बंदराच्या गेटवर चार-पाच तास अडकतो. डिझेल वाचवायला काही जण जनसेट (कंटेनरला वीज देणारा जनरेटर) बंद करतात. मी करत नाही, पण शेठ म्हणतो तासाभराने काही होत नाही. कोण बरोबर?

उत्तर: तुम्ही. फ्रोजन माल असेल, नीट मायनस १८ ला भरलेला असेल आणि दार बंद असेल तर तासाभराने खरंच फार फरक पडत नाही, एवढं ठोस गोठलेलं चटकन वितळत नाही. द्राक्षं असतील तर मार्चच्या उन्हात उभ्या डब्यात तासाभरात हवा तापते आणि पेटीत घाम धरायला सुरुवात होते, मग पुढचं वर सांगितलंच आहे. शिवाय शेठला सांगा, मशीनच्या मेमरीत वीज कधी गेली कधी आली ते मिनिटासकट लिहिलं जातं, पुसता येत नाही. रॉटरडॅमला क्लेम निघाला की पहिलं बोट त्या रिकाम्या तासाकडे जातं आणि तिथून थेट ट्रेलरकडे. तुमच्या बाजूने एवढंच करा, माल उचलताना आणि गेटवर देताना डिस्प्लेचा आणि जनसेटच्या अवर मीटरचा फोटो घ्या, डिझेलच्या पावत्या महिनाभर तरी फेकू नका, आणि वाटेत अलार्मचा दिवा लागला तर आधी फोन शिपिंग लाइनच्या रीफर डेस्कला, मग शेठला.